तो असा का वागला? स्वभाव, परिस्थिती आणि अट्रिब्युशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोशल सायकॉलॉजी शिकवताना विद्यार्थी, त्यांचे पालक, कधी कधी आजी-आजोबासुद्धा जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केलेत. विषय एकच, कोणी काही केलं की आपण त्याचं कारण कसं लावतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण घरातली भांडणं असोत, ऑफिसातलं अप्रेझल असो नाहीतर जातीधर्मावरून निघालेला विषय असो, सगळं इथूनच सुरू होतं, "तो आहेच तसा" म्हणायचं की "त्याच्यावर काय वेळ आली असेल" असं विचारायचं. उत्तरं लहान-मोठी आहेत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न : अट्रिब्युशन म्हणजे नक्की काय?

वागण्याला कारण लावणं, एवढंच. शेजारचे काका लिफ्टमध्ये भेटले आणि बघून न बघितल्यासारखं केलं की आपण मनात लगेच काहीतरी ठरवून मोकळे होतो, एकतर "फार शिष्ट झालेत" किंवा "रात्रभर हॉस्पिटलमध्ये होते, झोप नसेल झाली". पहिलं कारण माणसाच्या आतलं, दुसरं बाहेरचं. ही आतलं-बाहेरचं विभागणी नीट मांडली फ्रिट्झ हायडर यांनी. जन्म १८९६, व्हिएन्नाचे, पुढे अमेरिकेत गेले, आणि माणसामाणसांतल्या संबंधांवरचं त्यांचं पुस्तक आलं १९५८ मध्ये. त्यांचं म्हणणं असं की ज्या माणसाने सायकॉलॉजीचं एक पानही वाचलेलं नाही तोसुद्धा दिवसभर सायकॉलॉजिस्टचंच काम करत असतो, समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडत असतो, आणि त्याच्या या घरगुती सायकॉलॉजीचा सिरीयसली अभ्यास व्हायला हवा.

प्रश्न : पण आपण सारखी कारणं शोधत का बसतो? नुसतं बघून सोडून देता येत नाही का?

नाही येत. हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटीशी ॲनिमेशन फिल्म केली होती, त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, बाकी काही नाही, ना चेहरा ना आवाज. आकार नुसते हलतात. काय दिसलं ते लिहा असं सांगितल्यावर पहिल्या ग्रुपमधल्या ३४ जणांपैकी फक्त एकाने ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी स्टोरी लिहिली, की मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, छोटा चिडलाय, वर्तुळ घाबरून घरात लपलंय. ही फिल्म आजही ऑनलाइन बघायला मिळते, एकदा बघाच, आणि बघताना मोठ्या त्रिकोणाचा राग येतो का तेवढं तपासा. कागदाच्या तुकड्यांना आपण हेतू चिकटवतो तर जिवंत माणसांना चिकटवणार नाही असं होईलच कसं.

प्रश्न : आतलं कारण की बाहेरचं, हे आपण ठरवतो कशावरून?

इथे हॅरोल्ड केली यांचं १९६७ चं मॉडेल कामाला येतं. समजा बॉस तुमच्या मैत्रिणीवर मीटिंगमध्ये ओरडला. आता तीन गोष्टी विचारायच्या. बाकीचे मॅनेजरही तिच्यावर ओरडतात का? हा झाला कन्सेन्सस. हा बॉस तिच्यावरच ओरडतो की सगळ्यांवर? ही डिस्टिंक्टिव्हनेस, म्हणजे वेगळेपण. आणि हे आजच झालं की दर आठवड्याला होतं? ही कन्सिस्टन्सी. बाकी कोणी ओरडत नाही, हा मात्र सगळ्यांवर ओरडतो आणि रोज ओरडतो, तर प्रॉब्लेम बॉसच्या स्वभावात आहे. सगळेच मॅनेजर तिच्यावर ओरडतात, हा बॉस इतरांशी गोड बोलतो आणि हे नेहमीचं आहे, तर मग कारण तिच्या बाजूला किंवा तिच्या कामात शोधायला लागेल. आणि आजच पहिल्यांदा झालं असेल तर आज काहीतरी वेगळं घडलंय.

छान मॉडेल आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या आयुष्यात एवढी माहिती गोळा करायला कोणाकडे वेळ नसतो. आणि एक गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा दिसून आली, ती म्हणजे "बाकीचे काय करतात" या माहितीकडे लोक जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं देत नाहीत. दहापैकी आठ जण त्या जागी तसंच वागले असते हे कळलं तरी आपण समोर दिसणाऱ्या एकालाच धरतो.

प्रश्न : फंडामेंटल अट्रिब्युशन एरर हा शब्द सगळीकडे ऐकतो, ते काय प्रकरण आहे?

दुसऱ्याच्या वागण्यात स्वभावाला जास्त किंमत द्यायची आणि परिस्थितीला कमी, ही ती चूक. नाव दिलं ली रॉस यांनी १९७७ मध्ये, पण एक्सपेरिमेंट त्याच्या दहा वर्षं आधीचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस, ड्यूक युनिव्हर्सिटी, १९६७. क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोचं नाव काढलं की अमेरिकेत तापायचं असा तो काळ. विद्यार्थ्यांना निबंध वाचायला दिले, काही कॅस्ट्रोच्या बाजूचे, काही विरोधातले. काही जणांना सांगितलं की लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडली आहे, आणि काही जणांना स्पष्ट सांगितलं की बाजू त्याच्यावर लादलेली होती, त्याला चॉईसच नव्हता. मग विचारलं की लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल, १० ते ७० च्या स्केलवर, जास्त आकडा म्हणजे कॅस्ट्रोच्या बाजूचा. आता लादलेल्या निबंधावरून मत कळायचं काही कारणच नाही ना, दोन्हीकडे आकडा साधारण सारखा यायला हवा. पण लादलेला बाजूचा निबंध वाचणाऱ्यांनी सरासरी ४४ दिले आणि लादलेला विरोधी निबंध वाचणाऱ्यांनी २३ च्या आसपास. माहीत होतं की त्याला लिहायला लावलंय, तरी मनात बसलंच की थोडंफार तसं वाटत असणार त्याला. जोन्स आणि हॅरिस यांनाही हे अपेक्षित नव्हतं.

दुसरा एक्सपेरिमेंट रॉस, अमाबिले आणि स्टाइनमेट्झ यांचा, १९७७ चा, आणि मला तो जास्त बोचतो. चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोघांपैकी एकाला प्रश्न विचारणारा केलं आणि दुसऱ्याला उत्तर देणारा. विचारणाऱ्याने स्वतःला जे येतं त्यातूनच दहा अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच समोरच्याची बऱ्याच ठिकाणी विकेट गेली. शेवटी विचारलं की जनरल नॉलेज कोणाचं चांगलं आहे, तर उत्तर देणाऱ्यांना वाटलं विचारणारा हुशार, आणि बाजूला बसून बघणाऱ्यांनाही तेच वाटलं, जरी भूमिका नुसत्या नशिबाने वाटल्या आहेत हे सगळ्यांसमोर झालं होतं. आता हे व्हायवा परीक्षेला, नोकरीच्या इंटरव्ह्यूला, सरकारी ऑफिसच्या खिडकीला लावून बघा. टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस आपल्याला आपोआप शहाणा वाटतो, आणि या बाजूला चुळबुळ करणारा "कच्चा" वाटतो, आणि वाईट म्हणजे त्याला स्वतःलाही तो कच्चा वाटायला लागतो.

प्रश्न : एवढं सरळ असताना ही चूक होते का?

दोन कारणं मला सगळ्यात पटतात. पहिलं नजरेचं. माणूस डोळ्यासमोर असतो, त्याच्यावरचं प्रेशर दिसत नाही. शेली टेलर आणि सुझन फिस्क यांनी १९७५ मध्ये दोन जणांना गप्पा मारायला बसवलं आणि बघणाऱ्यांना वेगवेगळ्या बाजूंना, तर ज्याचा चेहरा समोर दिसत होता त्यानेच संभाषण चालवलं असं त्या त्या बाजूच्या लोकांचं मत पडलं. गप्पा एकच, फरक फक्त खुर्चीचा.

दुसरं कारण डोक्याच्या क्षमतेचं. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की स्वभावाचा शिक्का आपोआप बसतो आणि परिस्थिती लक्षात घेऊन तो पुसायचं काम मागाहून होतं, तेही मेहनत घेतली तर. त्यांनी अस्वस्थ दिसणाऱ्या एका बाईचा आवाज नसलेला व्हिडिओ दाखवला आणि ती कोणत्या विषयावर बोलतेय ते खाली लिहिलं होतं, काहींना अगदी खाजगी लाजिरवाणे विषय, काहींना साधेसुधे. लाजिरवाणा विषय असेल तर कोणीही अस्वस्थ होईल, हे लोकांना बरोबर समजलं. पण ज्यांना ते विषय पाठ करायला सांगितले होते त्यांचं डोकं पाठ करण्यात अडकलं आणि त्यांनी सरळ ठरवलं की बाई घाबरट स्वभावाची आहे. लक्षात घ्या, परिस्थितीची माहिती ते तोंडपाठ करत होते आणि तरीही वापरू शकले नाहीत! म्हणून दिवसभर दमून आल्यावर, फोनवर बोलता बोलता, डोक्यात चार कामं असताना आपण माणसांबद्दल जे ठरवतो त्यावर मी तरी फार विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : म्हणजे स्वभाव असा काही नसतोच का?

असतो की. कोणी असं म्हटलेलं नाही. मुद्दा एवढाच की आपल्याला वाटतं त्यापेक्षा परिस्थितीचा जोर खूप जास्त असतो. डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा अभ्यास घ्या. प्रिन्स्टनमध्ये ख्रिस्ती धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारे विद्यार्थी, त्यांना भाषण द्यायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाठवलं, काहींचा विषय तर बायबलमधली त्या भल्या वाटसरूची गोष्ट, जो जखमी माणसाला मदत करतो. वाटेत गल्लीत एक माणूस खोकत कण्हत पडलेला, तो अर्थातच एक्सपेरिमेंटचा भाग. ज्यांना घाई नव्हती त्यातल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी, आणि "तुम्हाला आधीच उशीर झालाय" असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. न थांबलेला एक विद्यार्थी आपण लांबून बघितला असता तर काय म्हटलं असतं? दगडाच्या काळजाचा आहे म्हटलं असतं, आणि तो धर्मगुरू होणार म्हणून अजूनच चिडलो असतो.

प्रश्न : मी उशिरा आलो तर ट्रॅफिक, दुसरा उशिरा आला तर बेशिस्त, हेच ना ते?

हो, याला ॲक्टर-ऑब्झर्व्हर फरक म्हणतात, जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७१ मध्ये मांडला. स्वतःकडे बघताना रस्ता दिसतो, दुसऱ्याकडे बघताना माणूस दिसतो. मायकल स्टॉर्म्स यांनी १९७३ मध्ये लोकांना त्यांच्याच गप्पांचा व्हिडिओ समोरच्याच्या कोनातून दाखवला, तर स्वतःला बघितल्यावर लोक स्वतःच्या वागण्यालाही स्वभावाची कारणं द्यायला लागले.

पण इथे सावध करतो, कारण क्लासच्या नोट्समध्ये हे अजूनही पक्कं सत्य म्हणून छापलं जातं. बर्ट्रम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र करून हिशोब केला आणि सरासरी फरक जवळपास शून्य निघाला. वाईट घटनांमध्ये तो दिसतो, चांगल्या घटनांमध्ये उलटा होतो, म्हणजे यश मिळालं की स्वतःचा स्वभाव आणि कष्ट, अपयश आलं की परिस्थिती. याला सेल्फ-सर्व्हिंग बायस म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत आहे.

माले यांचा अजून एक आक्षेप मला फार पटतो. आपण सगळं आतलं आणि बाहेरचं अशा दोन डब्यांत टाकतो, पण लोक खरंच असं बोलतात का? "पुण्यातली नोकरी का सोडलीस?" "आई गावी एकटी आहे." हे आतलं कारण की बाहेरचं? दोन्ही नाही, तो तिने करून ठेवलेला विचार आहे. माणूस मुद्दाम काही करतो तेव्हा आपण त्याचा हेतू विचारतो, आणि चुकून काही होतं तेव्हा कारण विचारतो, हा भेद आतल्या-बाहेरच्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे असं माझं मत. घसरून पडलेल्याला "तुझा हेतू काय होता" असं कोणी विचारत नाही.

प्रश्न : नवरा-बायकोच्या भांडणात याचा काही उपयोग होतो का?

खूप. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले की बहुतेक वेळा बेरीज शंभराच्या वर जायची, जे शक्यच नाही. आणि गंमत म्हणजे हे फक्त श्रेय घेण्यापुरतं नव्हतं, भांडण सुरू करण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक आपला वाटा थोडा जास्तच सांगत होते. म्हणजे नुसता स्वार्थ नाही, आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण बघितलेलंच नसतं. दूध संपलंय हे लक्षात ठेवून येताना पिशवी आणली, हे आणणाऱ्यालाच माहीत.

फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी पुढे लग्नावर बरीच वर्षं काम केलं. त्यातून दिसलं ते असं, की ज्या जोडप्यांचं बरं चाललंय ती चांगल्या वागण्याचं कारण जोडीदाराच्या स्वभावात बघतात आणि वाईट वागण्याचं त्या दिवसात. "आज दमलाय म्हणून चिडला." ज्यांचं बिनसलंय ती बरोब्बर उलटं करतात, फुलं आणली तर "काहीतरी लपवायचं असेल" आणि वाढदिवस विसरला तर "याला माझी किंमतच नाही". फुलं आणून उपयोग नाही असं वाटतं ते त्यामुळेच, कारण चांगली गोष्ट जमेला धरलीच जात नाही.

एक मात्र आवर्जून सांगतो. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर "त्याला ऑफिसचं टेन्शन असेल" हे अट्रिब्युशन बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. वर जे लिहिलंय ते साध्या रोजच्या कुरबुरींबद्दल आहे.

प्रश्न : भारतीय लोक अमेरिकनांपेक्षा परिस्थितीचा जास्त विचार करतात असं वाचलं, खरं आहे?

याचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास आपल्याच देशात झालाय, म्हैसूरला. जोन मिलर यांनी तो १९८४ मध्ये छापला. शिकागोतले अमेरिकन आणि म्हैसूरचे हिंदू, वय ८, ११, १५ आणि मोठी माणसं. ओळखीतल्या कोणीतरी केलेल्या चांगल्या आणि वाईट गोष्टी सांगा आणि त्याने तसं का केलं ते सांगा, असं विचारलं. वाईट वागण्याची कारणं देताना मोठ्या अमेरिकनांनी सुमारे ४५ टक्के वेळा स्वभाव सांगितला, मोठ्या भारतीयांनी सुमारे १५ टक्के. भारतीयांचा भर नात्यावर, जबाबदारीवर, परिस्थितीवर.

यातलं एक उदाहरण मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. एक वकील मोटरसायकलवर कोर्टात चाललेला, मागे एक जण बसलेला, टायर फुटला, मागचा पडून डोक्याला लागलं. वकिलाने त्याला हॉस्पिटलमध्ये सोडलं आणि स्वतः कोर्टात निघून गेला, जखमीचं किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच. तो माणूस गेला. अमेरिकन लोकांचा सूर असा की वकील बेजबाबदार, स्वतःच्या करिअरच्या मागे लागलेला. भारतीयांचा सूर असा की कोर्टात पक्षकार वाट बघत होता, ते त्याचं कर्तव्यच होतं, शिवाय तो घाबरला असेल, जखम वरून तेवढी दिसली नसेल. वर्गात दोन्ही बाजूंनी आवाज चढतात, आणि मला ते आवडतं, कारण दोन्ही बाजूंना आपलं उत्तर म्हणजेच उघड सत्य वाटत असतं.

माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वयाची आहे. ८ वर्षांच्या मुलांमध्ये दोन देशांत फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे अमेरिकन मूल मोठं होताना स्वभाव बघायला शिकतं आणि आपलं मूल संदर्भ बघायला शिकतं. हे रक्तात नाही, आजूबाजूच्यांच्या बोलण्यातून येतं, ओट्यापाशी आई शेजारणीबद्दल जे म्हणते त्यातून येतं.

पण "आपण भारतीय यातून सुटलो" असं कृपया समजू नका. निस्बेट आणि इंचोल चोई यांनी कोरियन विद्यार्थ्यांवर कॅस्ट्रोसारखाच निबंधाचा प्रयोग केला तेव्हा नुसतं "त्याला चॉईस नव्हता" सांगून कोरियनांकडूनही तीच चूक झाली. मात्र आधी त्यांनाच तसाच लादलेला निबंध लिहायला लावला, तेव्हा कोरियनांची चूक कमी झाली, अमेरिकनांची तेवढी नाही. म्हणजे स्वभाव बघायची घाई सगळीकडे आहे, परिस्थिती समोर आणून ठेवली की काही समाज ती पटकन उचलतात. आणि म्हैसूरचा अभ्यास चाळीस वर्षं जुना आहे हेही विसरायचं नाही.

प्रश्न : जात-धर्माच्या बाबतीतही असंच होतं का?

होतं, आणि इथे भारतीय समजूतदारपणा गळून पडतो, वाईट वाटतं पण खरं आहे. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी यांनी १९७४ मध्ये दक्षिण भारतात ऑफिसात काम करणाऱ्या ३० हिंदूंना छोटे प्रसंग दिले, दुकानदार प्रामाणिकपणे वागला किंवा फसवलं, पावसात भिजणाऱ्याला घरात घेतलं किंवा नाही घेतलं, अशा टाइपचे. प्रसंग तेच, कधी समोरचा हिंदू, कधी मुसलमान. हिंदू चांगला वागला तर तो मुळातच चांगला, वाईट वागला तर परिस्थिती. मुसलमानाच्या बाबतीत ही सवलत नाही, उलट त्याच्या चांगल्या वागण्यालाच बाहेरचं कारण शोधलं गेलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे इतक्या थेट स्वरूपात क्वचितच दिसतं. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये याला अल्टिमेट अट्रिब्युशन एरर असं नाव दिलं.

३० माणसं म्हणजे फार नाहीत, आणि कोणी एकाच समाजाकडे बोट दाखवायला हा अभ्यास वापरू नये. ह्यूस्टोन आणि वॉर्ड यांनी १९८५ मध्ये मलेशियात आणि सिंगापुरात हेच बघितलं, मलेशियातल्या मलय लोकांमध्ये आपल्यांना झुकतं माप होतं, तिथल्या चिनी लोकांमध्ये ते दिसलं नाही, आणि सिंगापुरात मलय लोकांमध्येही ते कमी होतं. त्या देशात कोणाचं काय स्थान आहे, कोणाबद्दल काय बोललं जातं, यावर हे ठरतं. म्हणजे बदलता येतं.

आपल्याकडे रोज ऐकू येतं ते तपासून बघा. "एवढ्या सवलती मिळूनही यांना जमत नाही" आणि कोणी टॉपला आला की "सवलत होती म्हणून". अपयश आलं तर आतलं कारण, यश आलं तर बाहेरचं, दोन्ही दारं बंद. हे वाक्य बोलणाऱ्याला आपण अन्याय करतोय असं बहुतेक वेळा वाटतही नसतं, आणि म्हणूनच मी हे पुन्हा पुन्हा सांगत राहतो.

प्रश्न : ज्याच्यावर अत्याचार झाला त्यालाच लोक दोष का देतात?

मेल्विन लर्नर यांचं उत्तर असं की जग न्यायी आहे यावर आपल्याला विश्वास ठेवायचा असतो. करावं तसं भरावं. लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ च्या एक्सपेरिमेंटमध्ये विद्यार्थिनींनी एका मुलीला विजेचे शॉक बसताना पाहिलं (ती ॲक्टिंग करत होती). ज्यांना तिचा त्रास थांबवता येत होता त्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. ज्यांना काहीच करता येत नव्हतं आणि तिचे हाल चालूच राहणार होते त्यांनी तिच्याबद्दल जास्त वाईट मत केलं. ओळख ना पाळख, काही बिघडवलं नव्हतं तिने. "एवढ्या रात्री कशाला गेली होती" हे वाक्य म्हणजे स्वतःला दिलेला धीर असतो, की मी रात्री जात नाही म्हणजे माझ्यावर ही वेळ येणार नाही. बोलणाऱ्याला धीर मिळतो आणि सोसणारीला दुसऱ्यांदा मार बसतो. असं वाक्य तोंडावर आलं तर गिळावं, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : मुलाला मार्क कमी पडले, त्याला काय सांगू?

बर्नार्ड वायनर यांनी कारणांना तीन प्रश्न लावले, आतलं की बाहेरचं, कायमचं की बदलणारं, आणि हातातलं की हाताबाहेरचं. "मला गणित येतच नाही" हे आतलं, कायमचं आणि हाताबाहेरचं, म्हणजे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन. "या वेळी सराव कमी पडला" हेही आतलंच, पण बदलता येतं. मार्क तेच, पुढच्या परीक्षेला बसायची हिंमत वेगळी. पालकांच्या रागाचंही तसंच, मूल करू शकत होतं पण केलं नाही असं वाटलं की राग येतो, त्याच्या हातातच नव्हतं असं वाटलं की कीव येते, आणि कीव मुलाला बरोबर कळते, ती रागापेक्षा जास्त लागते कधी कधी.

टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनविल यांनी १९८२ मध्ये ड्यूकच्या पहिल्या वर्षातल्या, मार्कांची काळजी लागलेल्या विद्यार्थ्यांना सीनियर मुलांचे व्हिडिओ दाखवले, ज्यात ती सांगत होती की सुरुवातीला आम्हालाही कमी पडले, नंतर वाढले. बस तेवढंच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत त्यांच्यातले ५ टक्के सोडून गेले, ज्यांना दाखवलं नव्हतं त्यांच्यातले २५ टक्के. ग्रुप छोटा होता म्हणून आकड्याला चिकटून बसू नका, दिशा लक्षात ठेवा. म्हणून गावाकडून आलेल्या मुलाला होस्टेलवर पहिल्या सेमिस्टरला केटी लागली की मी सांगतो, तुझ्या आधीच्या बॅचच्या तिघांना गाठ आणि त्यांना त्यांचा पहिला सेमिस्टर विचार.

आणि एमपीएससीची मुलं. चार-पाच अटेम्प्ट झालेल्या मुलाला "अजून कष्ट कर" हे नेहमीच बरोबर उत्तर नसतं. जागा किती आणि फॉर्म किती भरले जातात ते बघा. सगळं आतलं कारण लावलं की मूल स्वतःला खात राहतं. अब्रॅमसन, सेलिगमन आणि टीसडेल यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं, अपयशाचं कारण माझ्यातच आहे, कायम राहणार आहे आणि सगळ्याच गोष्टींत आडवं येणार आहे, असं ज्याला वाटतं तो डिप्रेशनकडे सरकायचा धोका जास्त. असं कोणी घरात बोलत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर काउन्सेलरकडे न्या, भाषण देत बसू नका.

प्रश्न : निदान स्वतःच्या वागण्याचं कारण तरी आपल्याला बरोबर माहीत असतं ना?

नेहमी नाही. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला प्रयोग, दुकानात बायकांच्या पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि सगळ्यात चांगला निवडा म्हटलं. चारही अगदी सेम होते. सगळ्यात डावीकडच्याच्या तुलनेत सगळ्यात उजवीकडचा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. का निवडला विचारल्यावर वीण, मऊपणा, क्वालिटी, सगळं निघालं, जागेचं नाव कोणीही घेतलं नाही, आणि जागेमुळे असेल का असं विचारलं तर लोकांनी साफ नाही म्हटलं. खोटं बोलत नव्हते, पटण्यासारखं कारण मनाने तयार करून दिलं होतं.

प्रश्न : परिस्थिती समजून घ्यायची म्हणजे प्रत्येकाला माफ करायचं का?

नाही. कारण सांगणं वेगळं आणि जबाबदारी ठरवणं वेगळं. घाईमुळे लोक थांबत नाहीत हे कळल्याने न थांबणं चांगलं ठरत नाही, पण लोकांनी थांबावं असं वाटत असेल तर घाई कमी करावी लागेल हे कळतं. ऑफिसात एकाच खुर्चीवरचा तिसरा माणूस तीच चूक करतोय तर चौथा आणून काय होणार, खुर्चीचं काम बघा. आणि उलटही, कोणी रोज, सगळ्यांशी, संधी मिळेल तिथे खोटं बोलत असेल तर तिथे परिस्थिती शोधत बसणं म्हणजे त्रास सोसणाऱ्यांवर अन्याय.

प्रश्न : ही सवय सुटते का?

नाव माहीत झाल्याने सुटत नाही. मदत होते ती माहिती मागितल्याने. "तू असं का केलंस" हा प्रश्न माणसाला कोपऱ्यात ढकलतो, "त्या वेळी काय काय चाललं होतं" यावर माणूस बोलतो. बाकीचे त्या जागी काय करतात ते विचारा. निर्णय मोठा असेल, नोकरीवरून काढायचा, सोयरीक मोडायचा, तर दमलेले असताना घेऊ नका. बस, माझ्याकडे एवढंच आहे, आणि तेवढंसुद्धा रोज करणं अवघड आहे.

प्रश्न : नेट-सेटच्या परीक्षेला यातलं काय पाठ करू?

हायडर १९५८, जोन्स आणि डेव्हिस १९६५ (वागण्यावरून स्वभाव कधी ओळखता येतो, म्हणजे करस्पॉन्डंट इन्फरन्स), केली १९६७, जोन्स-निस्बेट १९७१, रॉस १९७७, पेटिग्रू १९७९, वायनरचे तीन निकष, मिलर १९८४. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती केलीच्या तक्त्यात. कन्सेन्सस कमी, डिस्टिंक्टिव्हनेस कमी, कन्सिस्टन्सी जास्त, तर कारण माणसात. तिन्ही जास्त, तर कारण समोरच्या वस्तूत किंवा व्यक्तीत. कन्सिस्टन्सीच कमी, तर त्या वेळच्या प्रसंगात. डिस्टिंक्टिव्हनेस जास्त याचा अर्थ "तो माणूस वेगळा आहे" असा घेऊ नका, तो इतरांशी तसं वागत नाही, फक्त इथेच तसं वागला, असा तो अर्थ आहे.